पोटातली चौदा इंजेक्शनं



कुणाला कुत्रं चावल्याचं कळलं की आपल्या बायकांच्या घोळक्यात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अगं बाई, आता पोटात चौदा इंजेक्शनं!" स्थानकाच्या ओट्यावर ऐका, भिशीत ऐका, हेच. ऐकणारी घाबरते आणि दवाखान्याऐवजी कुणाच्या तरी सांगण्यावरून जखमेवर तिखट दाबते. गंमत अशी की ती चौदा इंजेक्शनं आपल्या देशात कधीच बंद झाली आहेत. भीती मात्र सासूकडून सुनेकडे जशीच्या तशी येत राहिली. ती आली कुठून हे शोधायला मी वाचायला बसले आणि त्यात आपल्या जैन समाजाचाही बराच इतिहास निघाला. तोच आज सांगते.

हा रोग फार जुना. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाचं वर्णन आहे. चावलेल्या माणसाला पाण्याची भीती वाटू लागली, नुसतं पाणी पाहून किंवा त्याचं नाव ऐकून तो दचकू लागला, की तो वाचत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. याला त्यांनी जलत्रास म्हटलं. उपाय म्हणून जखमेतून रक्त काढायचं आणि कढत तुपाने ती जाळायची. आपल्याकडे गावोगाव डाग देतात, तेल ओततात, त्याचं मूळ इतकं जुनं आहे. त्या काळी दुसरं काही हाताशीच नव्हतं, म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. आज ठेवीन.

आता मुंबईला चला. १८३२ सालचा जून महिना, कंपनी सरकारचं राज्य. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा सरकारी हुकूम होता आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आणे म्हणजे तेव्हा चांगली रक्कम. त्यामुळे लोक कुणाच्या दारातलं पाळलेलं कुत्रंही सोडेनात. ६ जूनला फोर्टात पारशी मंडळी खवळून उठली, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, किल्ल्यात जाणारा माल बंद. हिंदू आणि जैन व्यापारीही त्यांना सामील झाले. शेवटी फौज बोलवावी लागली. इतिहासात याला मुंबईची कुत्र्यांची दंगल म्हणतात.

या दंगलीतून एक चांगली गोष्ट निघाली. सर जमशेटजी जीजीभाई आणि आपले मोतीशा शेठ, म्हणजे मोतीचंद अमीचंद, यांनी पुढाकार घेतला आणि १८३४ साली भुलेश्वरची पांजरपोळ उभी राहिली. पालिताण्याला गेलेल्या प्रत्येकीने मोतीशांची टूंक पाहिली आहे, ते हेच शेठ. एक पारशी आणि एक जैन, दोघांनी मिळून कुत्र्यांसह मुक्या जनावरांना आसरा दिला. मुंबईला लग्नाची खरेदी करायला आपण भुलेश्वरला जातो, तेव्हा त्या फाटकावरून नुसत्याच पुढे जातो.

जनावरांची सोय झाली, पण चावलेल्या माणसाची सोय व्हायला आणखी पन्नास वर्षं लागली. ६ जुलै १८८५ ला पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्याकडे एक आई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. जोसेफ मेइस्टर त्याचं नाव. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला जागोजाग चावे घेतले होते. पाश्चर डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. त्यामुळे टोचण्याचं काम ग्रांशे नावाच्या डॉक्टरांनी केलं. रोगी सशाच्या मणक्यातला मज्जारज्जू वाळवून त्याची लस केली होती. दहा-अकरा दिवसांत तेरा टोचण्या झाल्या आणि मुलगा जगला. मोठेपणी तो पाश्चर यांच्याच संस्थेत रखवालदार म्हणून राहिला. पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ ला गेले, म्हणून २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन पाळतात.

आपल्या देशात हे उपचार आले ते १९०० साली, हिमालयातल्या कसौलीला. तिथले डॉ. डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये नवी लस काढली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, कार्बोलिक ॲसिडने तो मारायचा आणि मेंदूचा तो पातळ लगदा माणसाला टोचायचा. हीच ती चौदा इंजेक्शनं! औषध बरंच असे, ते कातडीखाली मावायला जागा हवी, म्हणून पोट निवडलं. रोज एक, तेही दुखरं आणि पोट सुजवणारं. वर मेंदूचा अंश शरीराला सोसत नसे आणि काहींना त्यातून लकवाही होई. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांची भीती खोटी नव्हती. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेतही ही लस तयार होत असे. आपलं गेवराई १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, मुंबई म्हणजे परमुलूख. तेव्हा इथल्या माणसाने तिखट-चुन्यावरच भागवलं असेल तर नवल नाही.

मेंढीच्या मेंदूचं वाचून माझ्यासारखंच तुमच्याही मनात आलं असेल. जैन माणसाने ही लस कशी घ्यायची? मला वाटतं, मरण समोर असताना ज्यांनी ती घेतली त्यांच्याबद्दल आपण इथे पंख्याखाली बसून बोलू नये.

हिंसा-अहिंसेचा हा वाद १९२६ मध्ये अहमदाबादला फारच पेटला. गिरणीमालक अंबालाल साराभाई स्वतः जैन. त्यांच्या गिरणीच्या आवारात मोकाट कुत्री फार झाली होती, त्यांतली साठ त्यांनी मारवली. मन खाऊ लागलं म्हणून ते गांधीजींकडे गेले. दुसरा काय इलाज होता, असं गांधीजी म्हणाले आणि गुजरातभरातून त्यांच्यावर संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. त्यांत आपली मंडळी पुढे होती. गांधीजींनी 'यंग इंडिया'त लेखांमागून लेख लिहून उत्तरं दिली. एकट्या अहमदाबादच्या सरकारी इस्पितळात आदल्या वर्षी कुत्रं चावलेले हजारावर लोक आले होते, हा आकडाही त्यांनी छापला.

मारण्याच्या बाबतीत गांधीजींचं म्हणणं मला अजून पटत नाही. पण त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती झोंबली. रस्त्यावरच्या कुत्र्याला शिळा तुकडा टाकायचा आणि पुढे त्याची कसलीच जबाबदारी घ्यायची नाही, याला दया म्हणायचं का? पाळायचं तर नीट पाळा, हा त्यांचा मुद्दा. आपल्यापैकी कितीजणी रोज पोळी टाकतात? आणि त्यातल्या कितीजणींनी त्या कुत्र्याला लस टोचून घेतली? तेव्हा साराभाईंपुढे मारणं नाहीतर सोसणं एवढंच होतं. आज तसं नाही. २००१ च्या केंद्राच्या नियमांपासून कुत्र्याची नसबंदी करायची, त्याला लस द्यायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं, अशी पद्धत ठरली आहे. २०२३ मध्ये हे नियम नव्याने आले. ते काम पालिकांचं. जीवदयेच्या फंडातून गोशाळेला चारा देतो, तसा थोडा पैसा या लसीकडेही वळवायला काय हरकत आहे? मोतीशा शेठांनी तर पूर्ण पांजरपोळ उभी केली.

मेंढीच्या मेंदूची लस सरकारने २००४ च्या अखेरीस बंद केली. आताची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते. काही लसींच्या पेशी कोंबडीच्या गर्भातल्या, काहींच्या पेशींचा वंश १९६२ मध्ये जपानात माकडाच्या मूत्रपिंडातून घेतला तेव्हापासून पुढे वाढतो आहे. पूर्ण निर्दोष असं मी म्हणणार नाही. पण हरेक बाटलीमागे मेंढी जायची, तो काळ संपला. जखमेत भरायचं सीरम पूर्वी घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातूनच मिळे. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये त्यालाही प्रयोगशाळेत तयार होणारा पर्याय आणला.

आता चावलंच तर काय करायचं ते ऐका.

आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. नळ नसेल तर तांब्याने धार धरा. आपण पाणी तुपासारखं वापरतो, अप्कायाचा विचार करतो, शिवाय आपल्या जिल्ह्याला टँकरची सवय. तरी इथे हात आखडू नका, कारण या विषाणूवरचं चरबीचं आवरण साबणाने विरघळतं आणि निम्मं काम तिथेच होतं. हळद, तिखट, चुना, कढत तेल काही नको. पट्टी घट्ट बांधू नका आणि टाके घालायची घाई करू नका.

मग त्याच दिवशी दवाखाना. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. दंडात घेतात, पोटात नाही. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, अशी पाच. कातडीत देण्याची पद्धत असेल तिथे चौदाव्या दिवसाची नसते. पहिला दिवस शून्य धरून मोजतात, म्हणून तारखा कागदावर लिहूनच घ्या. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही लागतं, ते स्वतःहून विचारा. जवळ नसेल तर जिल्हा रुग्णालयात जा. नुसता ओरखडा असला तरी लस घ्यायची. मांजर आणि माकड चावलं तरी हेच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही ही लस चालते. पूर्वी पूर्ण कोर्स झाला असेल तर दोनच डोस पुरतात.

"दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवू, मग बघू," असं घरातली पुरुष मंडळी हमखास म्हणतात. लक्ष जरूर ठेवा, पण लस सुरू करून. रोगाची लक्षणं बहुधा एक ते तीन महिन्यांनी दिसतात, कधी वर्षानेही. आणि एकदा दिसली की आजही जवळजवळ कुणी वाचत नाही. सुश्रुतांनी लिहिलं तेवढं अजून खरं आहे.

पर्युषणात अठ्ठाई चालू असताना चावलं तर? आधी दवाखाना, पच्चक्खाणाचं महाराज साहेबांना मागाहून विचारू. चौविहार झाल्यावर रात्री चावलं तरी सकाळची वाट पाहायची नाही.

आणि एक. आपल्या साध्वीजी पहाटे अंधारात सोलापूर-धुळे महामार्गाने विहार करतात, तेव्हा ढाब्यांजवळची कुत्री अंगावर येतात. विहार सेवेला जाणाऱ्या मुलांच्या पिशवीत बॅटरीसोबत साबणाची वडी आणि पाण्याची मोठी बाटली ठेवायला सांगा. पहिला डोस गेवराईत झाला आणि पुढचा मुक्काम दुसऱ्या गावी असेल, तर डोसाच्या तारखांचा कागद पुढच्या संघाच्या हाती द्यायचा.