डेटनचा खटला आणि कामगारांचे दोन कैवारी



अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील डेटन या गावी १९२५ च्या जुलैत झालेला 'माकड खटला' आपल्यापैकी पुष्कळांच्या कानावर असेल. माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे शाळेत शिकवले म्हणून एका तरुण मास्तरावर खटला भरला, एका बुद्धिवादी वकिलाने धर्मनिष्ठ म्हाताऱ्या पुढाऱ्याची भर लोकांत फजिती केली आणि विज्ञानाचा विजय झाला, अशी ती हकिकत सांगितली जाते. हकिकत खोटी नाही, पण अपुरी आहे. मी कामगार संघटनेत उभी हयात काढलेला माणूस. कॉलेजची पायरी चढलो नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि नगरवाचनालयातून. वाचता वाचता माझ्या ध्यानी आले की, त्या कोर्टात एकमेकांसमोर उभे ठाकलेले दोघेही गरिबांचे कैवारी होते. एकाने शेतकरी-कामगारांसाठी तीनदा अध्यक्षपदाची निवडणूक लढवून तीनदा हार खाल्ली होती. दुसऱ्याने संपवाल्यांना फासापासून आणि तुरुंगापासून वाचवण्यात वकिली खर्ची घातली होती. हे दोघे एका धर्मग्रंथावरून एकमेकांचे वैरी का व्हावेत, हा आजचा माझा विषय आहे.

प्रथम परंपरानिष्ठ ख्रिस्ती माणसाचे म्हणणे नीट समजून घेऊ. आपण ते बहुधा चेष्टेतच ऐकलेले असते. त्याचा पाया असा : देवाने माणूस आपल्या प्रतिरूपात निर्माण केला, आदामाने आज्ञा मोडली आणि माणूस पतित झाला, तेव्हापासून पाप हा माणसाच्या एखाद्या कृत्याचा डाग राहिला नाही, तो त्याच्या स्वभावालाच लागलेला कलंक झाला. स्वतःच्या बळावर तो धुऊन निघत नाही, म्हणून ख्रिस्ताचे बलिदान. हे सर्व आपल्याला कळते ते बायबलमधून, आणि ते देवाचे वचन असल्याने त्यात चूक असू शकत नाही. आता यातून पहिली वीट काढून पाहा. माणूस पशूपासून पायरीपायरीने वर चढत आला असेल, तर पतन झाले केव्हा? पतनच नसेल, तर तारणारा कशाला? आणि पहिला अध्याय खरा नाही म्हटले, तर पुढचा कोणता खरा हे ठरवायचे कोणी? कोणाला पटो वा न पटो, पण हा युक्तिवाद अडाण्याचा नव्हे. आतून तो घट्ट बांधलेला आहे.

एकोणिसाव्या शतकात जर्मन पंडितांनी बायबलची चिकित्सा केली आणि मोशेच्या नावावरचे पाच ग्रंथ अनेक हातांचे आहेत असे मांडले. ती लाट अमेरिकेतल्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयांत शिरली, तेव्हा प्रेस्बिटेरियन पंथाच्या महासभेने १९१० साली पाच गोष्टी अत्यावश्यक म्हणून ठरवल्या : ग्रंथाची निर्दोषता, कुमारीच्या पोटी ख्रिस्ताचा जन्म, माणसांच्या पापांसाठी त्याचे बलिदान, त्याचे सदेह पुनरुत्थान आणि त्याच्या चमत्कारांची सत्यता. त्याच वर्षापासून १९१५ पर्यंत 'द फंडामेंटल्स' ही बारा पुस्तकांची माला निघाली. तिचा खर्च केला कॅलिफोर्नियातला तेलसम्राट लायमन स्ट्यूअर्ट आणि त्याचा भाऊ यांनी. सुमारे तीस लाख प्रती पाद्र्यांना आणि मिशनऱ्यांना फुकट वाटल्या गेल्या. (तेलवाल्याच्या पैशाने छापलेले पुस्तक फुकट हातात पडले की मी जरा सावध होतो, आमच्या धंद्यातली खोड.) मात्र त्या मालेतल्या एक-दोन लेखकांना उत्क्रांतीचा काही अंश मान्य होता, हेही सांगितले पाहिजे. 'फंडामेंटलिस्ट' हा शब्द रूढ झाला तो पुढे १९२० साली, आणि एका बाप्टिस्ट संपादकाने तो अभिमानाने बनवला होता.

या पंथाच्या हाती विल्यम जेनिंग्ज ब्रायन लागला आणि प्रकरणाला निराळेच वळण मिळाले. ब्रायन काही पाद्री नव्हता. १८९६ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शिकागोच्या अधिवेशनात एका भाषणाच्या जोरावर डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी त्याने पटकावली. सोन्याच्या चलनामुळे धान्याचे भाव पडत होते आणि कर्जबाजारी शेतकरी पिचत होता. सावकार-बँकवाले माणुसकीला सोन्याच्या क्रुसावर चढवीत आहेत, हा त्या भाषणाचा गाभा होता. म्हणजे बायबलच त्याने मालकांविरुद्ध उभे केले! प्राप्तिकर, सिनेटरांची थेट निवडणूक, स्त्रियांना मताधिकार या सर्वांसाठी तो झगडला. १९०६ साली हिंदुस्थान पाहून गेल्यावर इंग्रजी राज्यावर त्याने कडक टीका लिहिली. पुढे परराष्ट्रमंत्री झाला, आणि १९१५ च्या जूनमध्ये, देश युद्धाकडे ओढला जातो आहे असे वाटताच राजीनामा देऊन मोकळा झाला.

असा माणूस उत्क्रांतीच्या मागे हात धुऊन का लागला? त्याचे कारण मोशेपेक्षा महायुद्धात अधिक आहे. व्हर्नन केलॉग नावाचा अमेरिकन जीवशास्त्रज्ञ बेल्जियममध्ये मदतकार्यावर होता. तिथे जर्मन सेनाधिकाऱ्यांबरोबर रात्री जेवताना त्याने जे ऐकले, ते १९१७ साली पुस्तकरूपाने छापले. बलवानाने दुर्बलाला चिरडावे हा निसर्गाचाच नियम, म्हणून आमचे युद्धही न्याय्य, असे ते अधिकारी बोलत. केलॉग स्वतः उत्क्रांतिवादी होता, तो हादरला. ब्रायनही हादरला. जेम्स ल्यूबा या मानसशास्त्रज्ञाने १९१६ साली पाहणी करून दाखवले होते की, कॉलेजात वरच्या वर्गांत जावे तसतशी विद्यार्थ्यांची श्रद्धा ओसरते. ब्रायनने या दोन गोष्टींची सांगड घातली. नीतीचा ऱ्हास म्हणजे त्याच्या लेखी केवळ दारू आणि नाचगाणी नव्हती, जरी दारूबंदीचा तो मोठा पुरस्कर्ता होता. माणूस पशूच आहे असे एकदा ठरले, की गिरणीमालकाने मजुराला आणि साम्राज्याने लहान राष्ट्राला पशूप्रमाणे वागवण्यास आडकाठी कोणती, हा त्याचा सवाल होता.

डार्विनच्या सिद्धांतातून हा निष्कर्ष निघत नाही. निसर्गात काय घडते हे सांगणे निराळे आणि माणसाने काय करावे हे सांगणे निराळे. आपल्या मराठीत तर 'शास्त्र' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, त्यामुळे आपलीही अशी गल्लत वारंवार होते. परंतु त्या काळी असा निष्कर्ष काढणारे आणि तो वर्गात शिकवणारे लोक होते. त्याचा पुरावा खुद्द डेटनच्या खटल्यात टेबलावर पडला होता.

टेनेसीच्या विधिमंडळात जॉन बटलर या शेतकरी सभासदाने विधेयक आणले आणि १९२५ च्या मार्चमध्ये त्याचा कायदा झाला : बायबलमधली माणसाच्या निर्मितीची कथा नाकारून तो खालच्या प्राण्यांपासून उतरला असे सरकारी शाळेत शिकवणाऱ्यास शंभर ते पाचशे डॉलर दंड. अशा कायद्यात शिक्षेचे कलमच नको, असे ब्रायनचे मत होते. ते कोणी ऐकले नाही. नागरी स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या एका संघटनेने कायद्याची कसोटी पाहण्यास तयार असलेला शिक्षक पाहिजे, असे जाहीर केले. डेटनचा कोळशा-लोखंडाचा धंदा बसला होता. गावातले चार प्रतिष्ठित लोक औषधाच्या दुकानात टेबलाभोवती बसले आणि खटला इथेच झाला तर गावाचे नाव होईल, असे त्यांनी ठरवले. चोवीस वर्षांच्या जॉन स्कोप्सला टेनिस खेळताना बोलावून आणले. आपण तो धडा शिकवला की नाही, हे त्या बिचाऱ्यालाही खात्रीने आठवत नव्हते!

स्कोप्सचा वकील क्लॅरेन्स डॅरो. १८९४ च्या रेल्वे संपात युजीन डेब्सचा बचाव करण्यासाठी रेल्वे कंपनीचीच नोकरी सोडून आलेला हा वकील. कोळसा खाणींच्या लवादात मजुरांची बाजू त्याने मांडली आणि १९०७ साली खाणकामगारांचा पुढारी बिल हेवूड याला खुनाच्या आरोपातून सोडवले. १८९६ मध्ये तर हा ब्रायनच्याच पक्षाचा उमेदवार होता. पण पापाची कल्पना त्याला मुळीच मान्य नव्हती. माणूस परिस्थितीने आणि रक्ताने घडतो, दोष कोणाला द्यायचा, असे तो म्हणे. १९२४ साली शिकागोतल्या दोन श्रीमंत तरुणांनी एका चौदा वर्षांच्या मुलाचा केवळ करून पाहावा म्हणून खून केला. डॅरोने त्यांना फाशीतून वाचवले. त्यांतल्या एकाच्या डोक्यात विद्यापीठात वाचलेला नीत्शे भिनला होता, त्याला एकट्याला का जबाबदार धरता, असे त्याचे म्हणणे होते. ब्रायनने डेटनच्या कोर्टात तेच भाषण त्याच्यापुढे धरले. पाहा, हा स्वतःच सांगतो आहे की शिकवणीने माणूस खुनी होतो! डॅरो चिडला, पण घाव वर्मी लागला होता.

वर्गातले पाठ्यपुस्तक होते हंटर यांचे 'अ सिव्हिक बायॉलॉजी', १९१४ साली निघालेले आणि राज्यानेच नेमलेले. त्यातल्या एका आकृतीत माणसाला साडेतीन हजार सस्तन प्राण्यांबरोबर एकाच वर्तुळात कोंबले आहे, यावरून ब्रायनने कोर्टाला खूप हसवले. पण त्याच पुस्तकात पुढे जे आहे, ते हसण्यासारखे नाही. गुन्हेगारी, दारूबाजी आणि मंदबुद्धी ज्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालते अशी कुटुंबे समाजावरची बांडगुळे आहेत. जनावरे असती तर आपण ती मारून टाकली असती. तेवढे करता येत नाही, म्हणून त्यांना कोंडून ठेवावे आणि त्यांची लग्ने होऊ देऊ नयेत, असा त्याचा आशय आहे. मानववंशांची उतरंडही दिली आहे आणि वर बसवले आहेत गोरे लोक. संततिशुद्धीचे हे वेड तेव्हा भल्याभल्या विद्वानांना जडले होते. माझ्या दृष्टीने खटला व्हायला हवा होता तो या पानावर. पण वादीला आदाम वाचवायचा होता आणि प्रतिवादीला हेच पुस्तक.

२० जुलै रोजी उकाडा असह्य झाला आणि गर्दीने मजला खचेल अशी भीती वाटू लागली, म्हणून न्यायाधीश रॉल्स्टन यांनी कोर्ट बाहेर हिरवळीवर भरवले. शास्त्रज्ञांच्या साक्षी ज्यूरीपुढे येऊ देण्यास त्यांनी आधीच नकार दिला होता. तेव्हा डॅरोने डाव टाकला : बायबलचा जाणकार म्हणून खुद्द ब्रायनलाच साक्षीला बोलावले. ब्रायन उठून बसलाही! योनाला माशाने गिळले काय? यहोशवाने सूर्य थांबवला, म्हणजे पृथ्वी थांबली काय? काइनला बायको मिळाली कुठून? सुमारे दोन तास हे चालले. शेवटी, सृष्टीच्या निर्मितीचे सहा दिवस चोवीस तासांचेच होते असे नाही, हे ब्रायनने कबूल केले, आणि त्याच्याच गोटातल्या कडव्यांची तोंडे उतरली. ग्रंथाचा अर्थ लावावा लागतो, हे एका दिवसापुरते का होईना मान्य झाले होते. अक्षराला अक्षर धरून ठेवण्याच्या हट्टाने त्याची ती बळकट बाजू, दुर्बळाच्या कैवाराची, झाकली गेली, असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी डॅरोनेच आपल्या अशिलाला दोषी ठरवा असे ज्यूरीला सांगितले. त्यामुळे समारोपाची भाषणे रद्द झाली. नऊ मिनिटांत निकाल आला आणि शंभर डॉलर दंड झाला. काही माणसांनी इतरांची पैदास ठरवावी, या कल्पनेचा ब्रायनने आपल्या लिखित भाषणात निषेध केला होता. ते भाषण खिशातच राहिले. त्याने ते छापायला दिले आणि २६ जुलैच्या रविवारी डेटनमध्येच दुपारी झोपेत तो वारला.

त्याला संत करण्याचा माझा इरादा नाही. आदल्याच वर्षी पक्षाच्या अधिवेशनात कू क्लक्स क्लॅनचा नाव घेऊन धिक्कार करावा, असा ठराव आला, तेव्हा नाव घेऊ नका म्हणून तो बोलला, आणि ठराव एखाद्या मताच्या फरकाने पडला. काळ्या माणसावर होणारा जुलूम त्याच्या पापांच्या यादीत कधी नीट आलाच नाही. शिवाय त्याच्यामागून त्याच्या पंथाने पापाची जी यादी पुढे नेली, तीत सावकार आणि मालक कमी कमी होत गेले. १९२९ साली उत्तर कॅरोलिनातल्या गॅस्टोनिया गावी लोरे मिल या कापड गिरणीत संप झाला. आठवड्याला चाळीस तास काम आणि किमान वीस डॉलर मजुरी, या मागण्या होत्या. लिस्टन पोप या धर्मोपदेशक असलेल्या अभ्यासकाने १९४२ साली या गावावर पुस्तक लिहून दाखवले की, तिथली कित्येक चर्चे गिरण्यांच्या पैशावर उभी होती आणि पाद्री संपाच्या बाजूने उभे राहिले नाहीत. दारू, पत्ते आणि नाच हे पाप. बारा तासांची पाळी पापात धरली जात नव्हती. कातखात्यातली मजूर बाई एला मे विगिन्स संपाची गाणी रचीत असे. सभेला जाताना १४ सप्टेंबर रोजी तिला गोळी घालून ठार मारले. आरोपी सुटले.

स्कोप्सच्या दंडाचे पुढे काय झाले ते सांगून टाकतो. १९२७ च्या जानेवारीत टेनेसीच्या वरिष्ठ कोर्टाने शिक्षा रद्द केली, पण कारण तांत्रिक : पन्नास डॉलरवरचा दंड न्यायाधीशाने नव्हे, ज्यूरीने ठरवायचा असतो. मूळ कायदा १९६७ पर्यंत पुस्तकात राहिला. डॅरोने मात्र १९२६ साली संततिशुद्धीच्या वेडावर झणझणीत लेख लिहिला. ज्या मुद्द्यावर तो आणि ब्रायन एका बाकावर बसू शकले असते, तो मुद्दा त्याला सापडला, तेव्हा ब्रायन हयात नव्हता.

१९२७ च्याच मे महिन्यात वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे व्हर्जिनियातल्या कॅरी बक या गरीब तरुणीचा दावा निकालात निघाला. मंदबुद्धी ठरवून तिची सक्तीने नसबंदी करावी की नाही, एवढाच प्रश्न होता. करावी, असे आठ न्यायमूर्तींनी म्हटले. त्यांत प्रागतिक म्हणून नावाजलेले होम्सही होते, आणि निकालपत्र त्यांनीच लिहिले. विरुद्ध गेले ते एकटे पिअर्स बटलर, श्रद्धाळू कॅथलिक. त्यांनी भिन्न मत नोंदवले. कारणे लिहिली नाहीत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कॅरी बकवर शस्त्रक्रिया झाली.