एचआरसीटी म्हणजे काय? साध्या सीटी स्कॅनपेक्षा ती वेगळी कशी?

कोरोनाकाळात 'एचआरसीटी' आणि '२५ पैकी स्कोअर' हे शब्द घराघरांत पोहोचले. पण डॉक्टर ही तपासणी १९८०च्या दशकापासून वापरत आहेत, ती मुख्यतः फुफ्फुसांत सर्वदूर पसरणारे आजार ओळखण्यासाठी. या आजारांना एकत्रितपणे 'इंटरस्टिशियल लंग डिसीज' म्हणजेच आयएलडी म्हणतात. यात वायुकोशांच्या नाजूक भिंतींना सूज येते, काही आजारांत त्या जाड आणि कडक होतात. चालताना धाप लागते, कोरडा खोकला हटत नाही. सुरुवातीला एक्स-रे मात्र नॉर्मल येऊ शकतो.

फरक कशात आहे?

सीटी स्कॅनमध्ये शरीराच्या आडव्या चकत्या दिसतात. साध्या सीटीत चकती साधारण ५ मिलिमीटर जाड असते. तेवढ्या जाडीतलं सगळं एकाच चित्रात मिसळतं आणि बारीक जाळी पुसट होते. एचआरसीटीत चकती १ ते १.५ मिलिमीटरची असते, त्यामुळे हीच जाळी स्पष्ट दिसते.

एचआरसीटीच्या दोन पद्धती

जुन्या पद्धतीत दर १० मिलिमीटरवर १ मिलिमीटरची एक चकती घेतली जाते. रेडिएशन कमी लागतं, पण मधला भाग सुटतो. नव्या 'व्हॉल्युमेट्रिक' पद्धतीत एका श्वासात संपूर्ण फुफ्फुस टिपलं जातं. आजाराचा पसारा कळतो, जुन्या स्कॅनशी तुलना सोपी होते. रेडिएशन मात्र जास्त लागतं.

पालथं का झोपवतात?

उताणं झोपल्यावर फुफ्फुसाचा पाठीकडचा भाग दबून पांढुरका दिसू शकतो. पालथं झोपवल्यावर हा पांढुरकेपणा गेला, तर तो फक्त दाबाचा परिणाम असतो. राहिला, तर आजाराची शंका बळावते.

श्वास सोडायला का सांगतात?

हवा अडकलेला भाग श्वास सोडल्यावरही काळाच राहतो. कबुतरांची विष्ठा, पिसं किंवा बुरशीच्या ॲलर्जीतून होणाऱ्या 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस'मध्ये ही खूण महत्त्वाची ठरते.

कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागतं का?

आयएलडीसाठी सहसा नाही. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी असल्याचा संशय असेल, तर कॉन्ट्रास्ट देऊन वेगळा स्कॅन करतात.

रेडिएशन किती?

छातीच्या एक्स-रेमध्ये सुमारे ०.१ मिलिसीव्हर्ट, नेहमीच्या सीटीत साधारण ६, तर लो-डोस सीटीत दीडच्या आसपास. पण डोस फार कमी केला की चित्र खरखरीत येतं आणि फिकट डाग निसटू शकतात.

स्कोअर किती आला?

हा प्रश्न इथे गैरलागू आहे. २५ पैकी स्कोअर कोरोनासाठी वापरला गेला. आयएलडीत डागांची ठेवण आणि जागा महत्त्वाची असते. फुफ्फुसाच्या तळाशी, कडेला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रं स्पष्ट दिसली आणि बाकी लक्षणं जुळली, तर अनेकदा बायॉप्सीची गरज पडत नाही. म्हणूनच स्कॅन कोणत्या पद्धतीने करायचा, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीत स्पष्ट असायला हवं. स्कॅनला जाताना जुन्या फिल्म आणि सीडी सोबत न्या. आजार वाढतोय की स्थिर आहे, हे त्या तुलनेतूनच समजतं.