बर्बँकमधलं कॅसाब्लांका

हॉलिवूडच्या जुन्या स्टुडिओंचा कारभार गिरणीसारखा होता. नट, लेखक, कॅमेरामन, शिंपी, सुतार सगळे पगारी. दिग्दर्शकही पगारीच. एक चित्रपट संपला की पुढची पटकथा हातात पडायची. आवडली तर ठीक, नाही आवडली तरी करायचीच. वॉर्नर ब्रदर्सच्या अशा गिरणीत मायकेल कर्टिझ यांनी पाव शतकाहून अधिक काळ काढला. 'कॅप्टन ब्लड'मध्ये (१९३५) त्यांनी तलवारी खणखणवल्या, 'एंजल्स विथ डर्टी फेसेस'मध्ये (१९३८) गुंडांची गोष्ट सांगितली, 'यांकी डूडल डँडी'मध्ये (१९४२) नाचगाणी केली, 'मिल्ड्रेड पियर्स'मध्ये (१९४५) एका आईची शोकांतिका मांडली. एल्व्हिस प्रेस्लीचा 'किंग क्रिओल'ही (१९५८) त्यांचाच. इतकं वेगवेगळं काम करणाऱ्या माणसाची स्वतःची मुद्रा कुठली, असं विचारून कित्येक समीक्षकांनी त्यांना कुशल कारागिरांच्या रांगेत बसवलं. मला हा न्याय जरा घाईचा वाटतो. 'कॅसाब्लांका' पाहताना तर फारच.

कर्टिझ मूळचे बुडापेस्टचे ज्यू, जन्म १८८६चा. हंगेरीत ते मिहाय केर्तेस होते. १९१९ मध्ये तिथं क्रांती झाली, चित्रपटधंदा सरकारजमा झाला आणि त्यांनी व्हिएन्ना गाठलं. तिथून १९२६ मध्ये अमेरिका. नाव बदललं, देश बदलला, भाषा मात्र शेवटपर्यंत पुरती वश झाली नाही. त्यांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीचे किस्से हॉलिवूडमध्ये चवीनं सांगितले जात. स्वभाव तापट, सेटवर आरडाओरडा फार. दुपारी जेवायला थांबणारे नट त्यांना आवडत नसत म्हणे!

१९४२च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे एक नाटक आलं. रंगमंचावर कधीच न आलेलं. त्याचा एक लेखक मरे बर्नेट १९३८ मध्ये नाझींनी गिळलेलं व्हिएन्ना डोळ्यांनी पाहून आला होता. युरोपातून पळालेली माणसं मोरोक्कोतल्या कॅसाब्लांकात अडकतात. तिथून लिस्बनला आणि लिस्बनहून अमेरिकेला जाण्यासाठी त्यांना परवाना हवा असतो. कुणी त्यासाठी दागिने विकतं. एका बल्गेरियन मुलीपुढं तर त्याहून अपमानास्पद सौदा ठेवला जातो. रिक आणि इल्सा यांचं प्रेम सगळ्यांच्या लक्षात राहतं, पण माझ्या मते चित्रपटाचा खरा नायक तो कागद आहे. शिक्का मारलेला एक कागद, तो असेल तर जगायचं.

हे सगळं उभं राहिलं कॅलिफोर्नियात, बर्बँकच्या स्टुडिओत. पटकथेची पानं चित्रीकरण चालू असताना येत होती. इल्साचं खरं प्रेम नक्की कुणावर, हे आपल्यालाही धड सांगितलं गेलं नव्हतं, असं इन्ग्रिड बर्गमन यांनी पुढं सांगितलं. शेवटच्या प्रसंगातलं विमान स्टुडिओतला एक छोटा देखावा होता. ते खरं वाटावं म्हणून ठेंगणी माणसं मेकॅनिक म्हणून उभी केली आणि वर धुकं सोडलं.

विमान खोटं होतं, पण निर्वासित खरे होते. श्रेयनामावलीतल्या नटांपैकी अमेरिकेत जन्मलेले फक्त तिघं: हम्फ्री बोगार्ट, डूली विल्सन आणि जॉय पेज. जुगाराच्या टेबलावर उभा असलेला मार्सेल दालियो फ्रेंच चित्रपटांतला नामवंत नट. जर्मन फौजा पॅरिसच्या दाराशी आल्या तेव्हा, १९४० मध्ये, तो आणि त्याची तरुण बायको मादलेन लबो लिस्बनमार्गे निसटले. मागं राहिलेल्या पॅरिसमध्ये नाझींनी 'ज्यू कसा दिसतो' हे दाखवायला त्याचाच चेहरा भिंतींवर लावला. जर्मन मेजर झालेला कॉनराड फाइट स्वतः नाझींमुळे जर्मनी सोडून आलेला. त्याची बायको ज्यू होती. गुबगुबीत गालांचा वेटर साकाल बुडापेस्टचा. त्याच्या बहिणी छळछावण्यांतून परतल्या नाहीत. कर्टिझ यांचेही काही नातलग ऑशविट्झमध्ये संपले.

कॅफेत जर्मन अधिकारी आपलं गाणं गाऊ लागतात आणि त्यांना गप्प करायला सगळं कॅफे फ्रान्सचं राष्ट्रगीत उचलतं, तो प्रसंग या माहितीनंतर पुन्हा पाहावा. लबोच्या गालावरचं पाणी कॅमेरा जवळून दाखवतो. चित्रीकरणाच्या वेळी सेटवर कितीतरी जण खरोखर रडत होते, अशी आठवण तिथल्या नटांनी सांगितली आहे. तापट कर्टिझ यांनी हा प्रसंग ज्या संयमानं रचला आहे, तो निव्वळ कारागिराचा नाही.

तरीही एक गोष्ट मला टोचते. हे शहर मोरोक्कन लोकांचं, आणि मोरोक्कन माणूस चित्रपटात जवळजवळ नाहीच. फेज टोप्या आहेत, बाजार आहे, गाढवं आहेत. कॅफेच्या दारावर अब्दुल नावाचा धिप्पाड माणूस उभा आहे, तोही शिकागोत जन्मलेला डॅन सेमूर. आमच्याकडे घरटी एक अब्दुल सापडेल, म्हणून माझी नजर त्याच्यावर जरा जास्त रेंगाळते. आत स्वातंत्र्याचं म्हणून जे गीत गायलं जातं, ते दाराबाहेरच्या माणसाच्या दृष्टीनं राज्यकर्त्यांचं गीत होतं. मोरोक्कोवर १९१२ पासून फ्रान्सचा अंमल होता. मोरोक्कन सैनिक फ्रान्सच्या बाजूनं १९४४ मध्ये इटलीच्या डोंगरांत लढले. त्याच वर्षी मोरोक्कोतल्या पुढाऱ्यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, तेव्हा त्यांची धरपकड झाली. स्वातंत्र्य मिळायला १९५६ उजाडावं लागलं.

कर्टिझ यांना हे दिसलं नसेल. बर्बँकहून ते दिसणं अवघडच होतं. पण १९४२च्या नोव्हेंबरात दोस्तांच्या फौजा खरोखरच मोरोक्कोत उतरल्या आणि वॉर्नरनी त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये चित्रपट लावून टाकला. पुढच्या जानेवारीत रूझवेल्ट आणि चर्चिल कॅसाब्लांकातच भेटले. फुकटची जाहिरात झाली. उत्कृष्ट चित्रपट, पटकथा आणि दिग्दर्शन अशी तीन ऑस्कर मिळाली. त्या बैठकीच्या दिवसांत रूझवेल्ट यांनी मोरोक्कोच्या सुलतानाला जेवायला बोलावलं होतं. फ्रेंच अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही.

मादलेन लबो सगळ्यांत जास्त जगली, २०१६ पर्यंत. कर्टिझ १९६२ मध्ये गेले, त्याच्या आदल्याच वर्षी 'द कोमांचेरोस' हा घोड्याबंदुकांचा चित्रपट देऊन. आणि २००४ मध्ये खऱ्या कॅसाब्लांकात, एका माजी अमेरिकन राजनैतिक अधिकारी बाईंनी जुन्या हवेलीत 'रिक्स कॅफे' थाटलं. तोवर त्या शहरात ते कधी नव्हतंच.