डॅक्स : फाइल-लॉक आणि लेखन-समक्रमण

डॅक्स : लिनक्समधील थेट फाइल-वापराची पद्धत. वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या आणि रॅमप्रमाणे बाइट-बाइटने लिहिता येणाऱ्या स्थायी मेमरीवरची फाइल प्रोग्रॅमला आपल्या मेमरीत मॅप करून थेट वापरता येते. एरवी कर्नल मजकुराची प्रत पेज कॅशमध्ये ठेवतो. डॅक्समध्ये ती नसते. लिनक्स ४.० मध्ये (२०१५) ही सोय एक्स्ट४ या फाइल सिस्टिमला मिळाली, मागोमाग एक्सएफएसला.

प्रत गेली, वेळ वाचला. पण लॉक लागत होते ते पेज कॅशमधल्या पानावरच, आणि काय बदलले याची खूणही त्याच्यावरच राहायची. त्यामुळे कर्नलला फाइलच्या पानांच्या अनुक्रमणिकेतील (आधी रॅडिक्स ट्री, आता एक्सॲरे) नोंदीतच लॉकचा बिट ठेवावा लागला. एकाच पानावर दोन थ्रेडना पेज फॉल्ट (पान अजून मॅप नसल्याने कर्नलचा हस्तक्षेप) आला, की पहिला नोंद अडवतो आणि दुसरा थांबतो. प्रोग्रॅमने स्वतः लावलेल्या एफलॉकवर मात्र इथे विसंबू नये : मॅप केलेल्या मेमरीतले लेखन ते अडवत नाही.

खरी जोखीम ट्रंकेटची. फाइल कापून तिचे ब्लॉक दुसऱ्या फाइलला दिले आणि जुने मॅपिंग तसेच राहिले, तर पहिला प्रोग्रॅम परक्या फाइलीत लिहीत बसेल. म्हणून फाइल सिस्टिम आधी नवे फॉल्ट रोखते, मॅपिंग काढते आणि त्या पानांवर एखाद्या उपकरणाचे डीएमए (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीशी देवाणघेवाण) चालू असल्यास ते संपेपर्यंत ब्लॉक मोकळे करत नाही.

दुसरा प्रश्न लेखन टिकण्याचा : लिहिलेले प्रोसेसरच्या कॅशमध्ये, ६४ बाइटांच्या ओळीत, अडकून राहू शकते. इंटेल प्रोसेसरवर सीएलडब्ल्यूबी या आज्ञेने ओळ मेमरीकडे ढकलतात (फ्लश) आणि एसफेन्सने क्रम राखतात. ऐन लेखनात वीज गेली तर नीट जुळवून लिहिलेले ८ बाइट पूर्ण नवे किंवा पूर्ण जुने मिळतात; त्याहून मोठ्या नोंदीची हमी नाही, तिथे लॉग प्रोग्रॅमनेच ठेवावा. एफसिंक बोलावल्यास कर्नल अनुक्रमणिकेतल्या खुणा पाहून फ्लश करतो. प्रोग्रॅमने स्वतः फ्लश केले तरी ब्लॉक कोणत्या फाइलचा, ही नोंद फाइल सिस्टिमच्या जर्नलमध्ये पक्की झालेली नसू शकते, म्हणजे मजकूर शाबूत आणि फाइलीला त्याचा पत्ताच नाही. हा पेच ४.१५ मधील (२०१८) मॅप-सिंक या मॅपिंगच्या पर्यायाने सोडवला : पानावर पहिल्यांदा लिहिताना फॉल्ट येतो, जर्नल पक्के होते, मगच लेखनाची परवानगी मिळते. पुढच्या लेखनात सहसा कर्नल मध्ये येत नाही.

इंटेलने ऑप्टेन या आपल्या स्थायी मेमरीचा व्यवसाय गुंडाळण्याचे २०२२ मध्ये जाहीर केले. डॅक्स मात्र व्हर्च्युअल मशीनला यजमानाच्या फायली देणाऱ्या व्हर्टिओ-एफएसमध्येही वापरता येते.