हाफ पँट, पखवाज आणि कणीक

आधी पँट बदला. ही लांब पँट इथं चालायची नाही. साल 1975 आहे आणि तुम्ही मुंबई पोलिसांत शिपाई आहात. लांब पँट आणि खाकी कपडे साहेब लोकांना. तुमच्या वाट्याला निळा डगला, पिवळी टोपी आणि निळी हाफ पँट. खळ अशी चढवली आहे की काढून ठेवली तर एकटी उभी राहील. घाला. कड मांडीला घासते? घासणारच. पहिली दोन वर्षं घासते, मग मांडीच निबर होते.

खोली बघून घ्या, वेळ लागणार नाही. 160 चौरस फूट. नायगावची बीडीडी चाळ, एका मजल्यावर वीस खोल्या, असे चार मजले, संडास सगळ्यांत मिळून. या एवढ्याशा जागेत तुम्ही, बायको, तीन पोरं, गिरणीत बदलीवर लागलेला धाकटा भाऊ, आणि गेल्या आठवड्यात वेल्ह्याहून पत्र्याची ट्रंक घेऊन उतरलेला चुलतभाऊ, ज्याला तुम्ही 'चार दिवस' म्हणाला होता. रॉकेलचा वास, शेजारच्या तव्यावरच्या बोंबलाचा वास, ओल्या वळकटीचा वास. तिकडे स्प्रिंग मिलचा भोंगा झाला की भाऊ उठतो आणि त्याच्या गरम अंथरुणावर तुम्ही पडता. अंथरूण कधी थंड होत नाही. खुंटीला खोळीत घातलेला पखवाज टांगलाय, त्याच्याखाली मात्र कुणी झोपत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. गावाकडं तुम्ही भरती झालात त्या दिवसापासून 'हवालदार' आहात. इथं अजून शिपाईच, फक्त बक्कल नंबर. दोन्हीकडं आपापल्या हाकेला ओ द्यायची.

आज रेड आहे. माहीमच्या खाडीकडं चला, तिवरांत. बूट चिखलात रुतला की 'च्यॅक' असा आवाज करून सुटतो. हातभट्टी डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळते: कुजलेला गूळ, नवसागर, आंबलेलं काहीतरी, ज्याचं नाव काढवत नाही. माणसं केव्हाच पळाली, पिंपं मागं राहिली. हातात पहार घ्या. पहिल्या घावाला पत्रा नुसता वाजतो, दुसऱ्याला फाटतो आणि आतलं सगळं तुमच्या छातीवर येतं. डगला चिंब. आणि डगल्याच्या कॉलरखाली, कुणाला दिसू नये अशी, तुळशीची माळ. तुम्ही माळकरी. आयुष्यात थेंब चाखलेला नाही, आणि अख्ख्या खात्यात दारूचा वास सगळ्यात जास्त तुमच्याच अंगाला. देवाला विनोदाचं अंग आहे असं मला उगाच वाटत नाही.

नेमकी आज एकादशी. भजन नऊला. आंघोळीला पाणी? पाणी पहाटे चारला येतं.

म्हणून तुम्ही तसेच भजनाच्या खोलीत शिरता. चाळीसेक माणसं मांडीला मांडी लावून बसलेली. गिरणीतले जॉबर, साचेवाले, गोदीतले हमाल, तीन पोलीस. कुणी भोरचा, कुणी वेल्ह्याचा, एकदोघं जावळीकडचे. बुक्का, उदबत्ती, घाम. पंखा नाही. बुवा भोरकडचे, हिरडस मावळातले. नाक फुगवून तुमच्याकडं बघतात.

"हवालदार, माळ काढून ठेवली का काय?"

"बुवा, रेड होती."

"मग खिडकीशी बसा. पांडुरंगाला चढायची."

खोली हसते. तुम्हीही हसा, दुसरा इलाज नाही.

आता कणीक. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय तो बोलत नाही. ती घरून आणलेली आहे, केळीच्या पानात, आणि ती आणताना जे ऐकावं लागलं तेही कानात आहे. "अवं, रेशनचा गहू हाय. पोरांच्या दोन चपात्या वाजवून टाकता तुम्ही." खरं आहे. दर एकादशीला दोन चपात्या वाजतात. बोटांनी कणीक गोल दाबा, थोडी जास्त झाली तर खरवडा, पुन्हा थाप मारून बघा. धुम्म. तो आवाज कानाआधी पोटात उतरतो. मग टाळ सुरू होतात आणि पत्र्याच्या छपरावर मावळातला पाऊस पडावा तसं होतं, शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. दिवसभर ज्या हातानं पहार चालवली तोच हात आता चामड्यावर इतका हलका पडतो की तुम्हालाच तो ओळखीचा वाटत नाही. दिवसभर 'जी साहेब' शिवाय शब्द काढला नाहीत. इथं चाळीस माणसांची लय तुमच्या तळव्यात आहे. तुम्ही थांबलात तर बुवाही थांबतात.

रूपाचे अभंग होतात, गवळण होते. भारुडाला गोदीतला एकजण बायकोचं लुगडं नेसून येतो आणि पोरं लोळतात. दीड वाजता चहा. पहाटे चारला नळाशी रांग आहे, सहाला हजेरी. झोप? ती पुढच्या जन्मी.

याच वर्षी एक सिनेमा आलाय, 'पांडू हवालदार'. सगळं भजनी मंडळ बघायला जातं, बुवांसकट. थिएटरात शिट्ट्या, भुईमुगाच्या टरफलांचा चुरा, आणि पडद्यावर दादा कोंडके नि अशोक सराफ तुमच्याच हाफ पँटीत. कोंडक्यांचं मूळ गाव इंगवली, भोर तालुक्यातलं. जन्म 1932 चा, इथलाच, नायगावचा, घरचे गिरणीवाले. बँडात वाजवलं, सेवा दलाच्या कलापथकात कामं केली, मग वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'नं गाजले. म्हणजे आपल्याच मुलखातलं, आपल्यासारख्याच चाळीतलं पोर शहराला तुमच्यावर हसवतंय. राग येतो का बघा. नाही येत. आधी तुम्ही मानेनं हसता, मग खुर्चीचा हात धरून. परका हसला असता तर गोष्ट वेगळी होती. दुसऱ्या दिवशी नाक्यावरची पोरं "ए पांडू" म्हणतात. आता हे नाव तुमच्या निवृत्तीनंतरही इथंच राहणार आहे, पण ते तुम्हाला आज ठाऊक नाही.

रजा? आषाढात मिळत नाही, गणपतीत तर विचारूही नका. पंढरपूरची वारी तुमच्या नशिबी नाही. चैत्रात, गावच्या जत्रेला, साहेबांचा मूड बघून तीन दिवस मिळतात. पखवाज मांडीवर घेऊन एसटीत बसा. खंडाळ्याचा तो भोर घाट भोरमध्ये नाही, हे शेजारच्या प्रवाशाला दरवर्षी सांगायचं, सांगा. स्वारगेटला गाडी बदला. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, नसरापूर. तिथून गाडी मार्गासनीकडं वळली की राजगड खिडकीत येऊन बसतो आणि उतरायचं नाव घेत नाही. धूळ, तापलेलं रेक्झिन, आणि कुणाच्या तरी टोपलीतली करवंदं.

गावात सगळे 'हवालदार आलं' म्हणतात. मुंबईकर मंडळींनी देवळाच्या पत्र्यासाठी वर्गणी आणली आहे, ती चारजणांत मोजून द्या. घरोघरी बोकड शिजतोय, तुम्हाला माळकऱ्यांच्या पंगतीत पुरणपोळी. रात्री छबिना. ढोल, लेझीम, गॅसबत्त्यांचा भगभगता उजेड, गुलालानं घसा कोरडा. पालखी देवळात परतली की पारावर पहाटेपर्यंत भजन, आणि इथं कणकीसाठी कुणी बोलत नाही. आईच थापून देते.

उजाडताना पखवाज घेऊन गुंजवणीवर जा. चैत्रात धार बारीक, पण डोहात गार पाणी आहे. ही गुंजवणी पुढं नीरेला मिळते. आषाढात माउलींच्या पादुकांना त्याच नीरेत स्नान घालतात. नीरा नरसिंहपूरला भीमेत जाते, आणि भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. गावचं पाणी रजेचा अर्ज न करता वारीला जाऊन येतं.

वाळलेली कणीक नखानं खरवडा. पाण्यात टाका. मासे येतात, टोचे मारतात, उरलेला गोळा हळूहळू वाहत निघतो. काठावरचं एक पोर विचारतं, "मामा, मुंबईला पांडू हवालदार खरंच हाय का हो?"

"हाय की," तुम्ही म्हणता, आणि पखवाज पुन्हा खोळीत घालता.