माहितीपट करायचा आहे? मग आधी आवाजाचे पैसे बाजूला काढा

पूनम सागर परिसरातली मुलं-मुली आमच्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कॅमेरा कोणता घेऊ?" कुणाला सहा डिसेंबरला दादरला जाऊन चित्रण करायचे असते, कुणाला आपल्या आजीची मुलाखत घ्यायची असते, कुणाच्या डोक्यात दहा मिनिटांच्या लघुपटाची गोष्ट असते. या तिन्ही कामांना लागणारी सामग्री वेगळी आहे आणि तिघांच्या खिशातले पैसेही वेगळे आहेत. त्यामुळे काम कोणते ते आधी विचारावे लागते, कॅमेऱ्याचे नाव त्यानंतर.

आमची चूक आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही इथल्याच एका इमारतीत सत्त्याहत्तर वर्षांच्या आजींची मुलाखत घेतली. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये वडिलांचे बोट धरून त्या नागपूरला गेल्या होत्या. मित्राकडून चांगला कॅमेरा मागून आणला होता. आवाज मात्र कॅमेऱ्याच्याच माइकवर घेतला. डोक्यावर पंखा, आत कुकर, खाली रिक्षांचे हॉर्न. चित्र इतके स्वच्छ की आजींच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसते, पण वडील दीक्षाभूमीवर त्यांना काय म्हणाले ते ऐकूच येत नाही. "पावसाळ्यानंतर पुन्हा बसू" असे ठरले. पावसाळा संपला तेव्हा आजी राहिल्या नव्हत्या. १९५६ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे, त्यामुळे ही चूक परत करायला वेळ कुणाकडेच नाही.

पाच हजारांपर्यंत

एवढ्या पैशांत कॅमेरा घेऊ नका. हातातला फोन पुरेसा आहे. पैसे दोनच गोष्टींवर खर्च करा: कॉलरला लावायचा वायरचा माइक आणि न डगमगणारा ट्रायपॉड. वायरचा साधा माइक हजाराच्या आत-बाहेर मिळतो. घेताना पिन पाहा. फोनच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याच्या पिनवर दोन. चुकीची पिन लावली तर आवाज नोंदतच नाही किंवा फोन आपलाच माइक वापरत राहतो. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सी ॲडॅप्टर लागेल. काही स्वस्त ॲडॅप्टर फक्त ऐकण्यासाठी असतात, माइक पुढे नेत नाहीत. म्हणून दुकानातच मिनिटभर रेकॉर्ड करून ऐकून घ्या.

फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर नेमक्या वेळी मामांचा फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटते. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाश लॉक करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. फोन बहुधा सेकंदाला ३० चित्रे घेतो, त्यामुळे ट्यूबलाइटच्या किंवा स्वस्त एलईडीच्या उजेडात चित्र लुकलुकते. २५ चित्रे आणि शटर १/५० ठेवले की हे थांबते. आयफोनमध्ये त्यासाठी सेटिंगमधून 'पाल' फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय सुरू करावा लागतो.

फोनवर 'खरा' सिनेमा होत नाही असे म्हणणाऱ्यांना अमेरिकेतल्या शॉन बेकरचा 'टँजरीन' दाखवा. २०१५ चा हा चित्रपट आयफोन ५एस वर चित्रित झाला. मात्र त्याचा आवाज फोनवर घेतलेला नाही, तो स्वतंत्र व्यावसायिक यंत्रावर नोंदवला होता. फोनचा भाग सगळे सांगतात, आवाजाचा कुणी सांगत नाही.

आपल्याकडचे उदाहरण मालेगावचे. शेख नासिर आणि त्यांच्या मित्रांनी 'मालेगाव के शोले' केला तेव्हा ट्रॉली म्हणून सायकल आणि क्रेन म्हणून बैलगाडी वापरली. म्हणून हजारोंचा गिंबल घेण्याआधी घरातली चाकाची खुर्ची गुळगुळीत फरशीवर ढकलून पाहा. खिडकीसमोर बसवलेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला ताणून धरलेली पांढरी चादर, एवढ्यावर दिवसा मुलाखतीचा प्रकाश होतो.

पन्नास हजार ते लाखभर

विहारातले तरुण किंवा महिला मंडळ वर्गणी काढतात तेव्हा साधारण एवढी रक्कम जमते आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. सगळे पैसे कॅमेऱ्यात जातात. आमचा हिशेब असा: निम्मी रक्कम कॅमेरा आणि लेन्सला, उरलेल्यातला मोठा वाटा आवाजाला, बाकी बॅटऱ्या, कार्ड आणि दोन हार्ड डिस्क.

जुना कॅमेरा घ्यायला हरकत नाही, पण तीन गोष्टी तपासा. लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशीचे जाळे आहे का ते पाहा. आपण खाडी आणि मिठागरांच्या शेजारी राहतो. इथल्या दमट हवेत लेन्स दोन पावसाळ्यांत खराब होऊ शकते. कॅमेरा कपाटात न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की बदला. दुसरे, बाहेरचा माइक लावायला जागा आहे का ते पाहा. तिसरे, कॅमेरा सलग किती वेळ रेकॉर्ड करतो ते विचारा. अनेक जुने फोटो-कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात. तासभराच्या भाषणात हे लक्षात राहिले नाही तर पुढचा भाग गेला.

लेन्सबाबत एक गैरसमज फार पसरला आहे. '५० एमएम घ्या, मागचे छान धूसर होते' असे सगळे सांगतात. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती लेन्स पंचाहत्तर-ऐंशी एमएमसारखी वागते. वन-रूम-किचनमध्ये माणसाचा चेहरा आणि खांदे बसवायला तुम्हाला भिंत फोडून शेजारच्या घरात जावे लागेल. आपल्या घरांसाठी १६ ते २४ एमएमची लेन्स कामाची.

आवाजासाठी खिशात मावणारा स्वतंत्र रेकॉर्डर घ्या. परवडत असेल तर '३२ बिट फ्लोट'वाला घ्या, म्हणजे बोलणारा अचानक ओरडला तरी आवाज फाटत नाही. सभेच्या चित्रणात हा रेकॉर्डर सोने आहे. बऱ्याच ॲम्प्लिफायरना मागे 'लाइन आउट' असते, त्यातून वायर घेतली की वक्त्याचा आवाज थेट मिळतो. फक्त रेकॉर्डर 'लाइन'वर ठेवा. 'माइक'वर ठेवला तर सगळे भाषण फाटून येते. मंडपवाल्या दादांशी कार्यक्रमाच्या तासभर आधी बोलून ठेवा, ऐनवेळी ते वायरला हात लावू देत नाहीत आणि त्यांचे चूकही नसते.

शिवाजी पार्कच्या गर्दीत ब्लूटूथसारख्याच लहरींवर चालणारे वायरलेस माइक दगा देतात, कारण हजारो फोन तीच हवा वापरत असतात. तिथे वायरचा, हातात धरायचा डायनॅमिक माइक तोंडाजवळ न्या. तो शेजारचा गोंगाट कमी उचलतो. ड्रोनचा विचार सोडून द्या. परवानगीचे नियम कडक आहेत आणि गर्दीवर उडवणे धोक्याचे आहे.

विकत की भाड्याने

कथापटाचे चित्रण दोन-तीन दिवसांत उरकते, म्हणून त्यासाठी भाडे परवडते. अंधेरीत कॅमेरा, लेन्स, लाइट सगळे दिवसाच्या भाड्याने मिळते. घेताना प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, रेकॉर्ड करून पाहा आणि ओरखडे पावतीवर लिहून घ्या. एका ठिकाणी आमची अनामत रक्कम आधीपासूनच तुटलेल्या एका क्लॅम्पसाठी अडकली होती. तेव्हापासून आम्ही फोटोशिवाय काही उचलत नाही.

माहितीपटाचे गणित उलटे आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण गेले. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. आनंद पटवर्धनांनी तिथून सुरू केलेला 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण व्हायला चौदा वर्षे लागली. घोगरेंना त्यांनी आधीच्या, १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये चित्रित केलेले होते, म्हणून तो माणूस पडद्यावर जिवंत उरला. चौदा वर्षे भाड्याच्या कॅमेऱ्यावर काढता येत नाहीत. जिथे वस्तीत कधीही, निरोप येताच धावत जायचे असते तिथे साधा पण स्वतःचा कॅमेरा हवा. चार्ज केलेला, कार्ड रिकामे असलेला.

कार्ड आणि डिस्कबद्दल थोडे आकडे लक्षात ठेवा. फोनवर साधे एचडी चित्रण तासाला तीन-चार जीबी खाते, ४के दहाच्या आसपास. कॅमेऱ्यावर १०० मेगाबिटने घेतले तर तासाला ४५ जीबी. त्याला 'व्ही३०' लिहिलेले कार्ड पुरते, त्याहून महाग घेण्याची गरज नाही. मुलाखतीसाठी ४के लागतेच असे नाही. घरी आल्यावर जेवायच्या आधी दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रत करा, दोन्ही उघडून पाहा, मगच कार्ड पुसा. दोनपैकी एक डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. संकलनासाठी 'दा विंची रिझॉल्व्ह'ची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. संगणक अडखळत असेल तर त्यातच हलक्या प्रती करून काम करता येते.

आणि मुलाखतीला बसाल तेव्हा कानाला हेडफोन लावा. पंखा बंद करा, फ्रिजचे बटण बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना फ्रिज सुरू करायला विसरणार नाही. आजी-आजोबांना उकडेल, तेव्हा दर वीस मिनिटांनी थांबून पंखा लावा, पाणी द्या. तेवढ्या वेळात रेकॉर्ड झालेले ऐकून घ्या.