वेडंतांगलचा कौल

चेन्नई शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ७५ किलोमीटरांवर, चेंगलपट्टू जिल्ह्यात, वेडंतांगल नावाचे एक लहानसे खेडे आहे. तमिळ भाषेत ‘वेडन’ म्हणजे शिकारी. शिकाऱ्याची वस्ती, असा या गावाच्या नावाचा अर्थ सांगितला जातो. एके काळी जमीनदार मंडळी येथे पाखरांच्या शिकारीसाठी येत असत. पण इतिहासाचा विनोद असा की, शिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाणारे हेच गाव पुढे पाखरांचा राखणदार म्हणून देशभर प्रसिद्धीस आले.

या भागाचे सारे जीवन तळ्यांवर अवलंबून असते. महाराष्ट्रात आषाढ-श्रावणात पाऊस कोसळतो, तेव्हा हा प्रदेश बराचसा कोरडाच असतो. येथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, ईशान्येच्या वाऱ्याबरोबर येतो. तो अडवून वर्षभर पुरवावा म्हणून येथल्या पूर्वजांनी गावोगाव मातीचे बांध घालून तळी बांधली. अशा तळ्याला तमिळमध्ये ‘एरी’ म्हणतात. वेडंतांगलची एरी अवघी सुमारे ३० हेक्टरांची. परंतु तिच्या पात्रातच समुद्रफळाची झाडे उभी आहेत. पावसाने तळे भरले म्हणजे त्यांचे बुंधे पाण्यात बुडतात आणि प्रत्येक झाड एक बेट बनते. मांजर, कोल्हा किंवा माणूस यांना तेथे सहजासहजी पोचता येत नाही. मग नोव्हेंबरपासून त्यांच्या फांद्यांवर घरटी दिसू लागतात. उघड्या चोचीचे आणि रंगीत करकोचे, पाणकावळे, बगळे, पांढरे शराटी, चमचे आणि झोळीवाले पाणकोळी शेजारी-शेजारी संसार थाटतात. उत्तरेकडची बदकेही हिवाळा काढण्यासाठी येतात. पाखरांची संख्या पावसाच्या मानाने कमीअधिक होते. चांगल्या वर्षी मात्र झाडे हिरवी आहेत की पांढरी, असा प्रश्न पडावा, इतकी ती गजबजतात.

गावकऱ्यांनी या पाहुण्यांना आसरा दिला, त्यात भूतदया होतीच. पण शेतकऱ्याचे व्यवहारज्ञानही होते. झाडांवरून पडणारी विष्ठा तळ्यात मिसळते आणि तिच्यातील नत्र व स्फुरद पाण्यात उतरतात. हेच पाणी पाटाने भाताच्या खाचरांत जाते. वेगळे खत न घालताही पीक जोमदार येते, हे गावाने पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले होते. पाखराला निवारा आणि शेताला खत, असा हा बिनलेखी करार होता.

तो लेखी झाला अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. हा मुलूख तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीची ‘जहागीर’ म्हणून ओळखला जाई आणि १७९४ ते १७९८ या काळात लायोनेल प्लेस हे तिचे कलेक्टर होते. गोऱ्या शिपायांनी तळ्यावर येऊन पाखरांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा गावकरी तक्रार घेऊन कलेक्टरकडे गेले आणि त्यांनी पाखरांच्या रक्षणाचा लेखी अधिकार मिळवला, अशी हकीकत आहे. या लेखाला ‘कौल’ असे नाव होते. मराठी माणसाला हा शब्द परका नाही. उजाड गाव पुन्हा वसवताना रयतेला अभय आणि सवलत देणारा कौल मराठी दप्तरांत जागोजागी आढळतो. वेडंतांगलला रयतेने तो मागितला, पण स्वतःसाठी नव्हे, पाखरांसाठी! १८५८ साली त्याचे नूतनीकरण झाले. १९३६ साली सरकारने या तळ्याला अभयस्थान म्हणून मान्यता दिली. वन्यप्राण्यांच्या रक्षणाचा देशव्यापी कायदा १९७२ सालचा. म्हणजे गावाने घेतलेली जबाबदारी त्याहून पावणेदोनशे वर्षांनी जुनी ठरते.

चेन्नई शहरातच असलेल्या गिंडीच्या रानाशी ताडून पाहिले म्हणजे हे वेगळेपण ठसठशीत दिसते. गिंडी हे मद्रासच्या गव्हर्नरांच्या बंगल्याभोवतीचे रान. काळवीट व चितळ यांचा वास असलेले हे रान सत्तेच्या कुंपणाआड राहिले, म्हणून वाचले आणि १९७८ साली राष्ट्रीय उद्यान झाले. वेडंतांगलला मात्र कुंपण होते ते केवळ गावाच्या शब्दाचे.

त्या शब्दाची कसोटी आजच्या काळात अधिक कठीण झाली आहे. पाखरे तळ्यात घरटी करतात खरी, पण पिलांसाठी चारा आणतात तो आसपासच्या खाचरांतून आणि तळ्यांतून. मासा, बेडूक, गोगलगाय जेथे मिळेल, तेथवर त्यांचे घर पसरलेले असते. हे ओळखूनच १९९८ साली तळ्याभोवतीचा ५ किलोमीटर त्रिज्येचा परिसर अभयारण्यात घेण्यात आला. २०२० साली या परिसराचे संरक्षण सैल करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा त्यास मोठा विरोध झाला. २०२२ साली वेडंतांगल आणि त्याच्या शेजारचे करिकिली यांना पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळाले. गोदावरीकाठच्या नांदूर-मध्यमेश्वराला हा मान त्याआधीच लाभला होता. त्याचाही जलाशय माणसाने बंधारा घालून निर्माण केलेला आहे, हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

डिसेंबर-जानेवारीत चेन्नईला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने मरीना आणि महाबलिपुरम्‌ यांच्या जोडीला एक सायंकाळ या तळ्यासाठी राखून ठेवावी. उन्हे उतरता-उतरता चाऱ्याला गेलेले थवे शेतांवरून परत येऊ लागतात. बांधावर उभे राहून ते पाहणाऱ्याने, ते कोणत्या झाडावर उतरतात याबरोबरच, ते कोणत्या शेतांवरून आले इकडेही नजर टाकावी. भाताची खाचरे आणि लहान तळी शाबूत असतील, तोवरच या जुन्या कौलाला अर्थ आहे. ती बुजली, तर अभयारण्याची पाटी राहील आणि झाडे मात्र रिकामी होतील.